वेढ्यात घेतलेलं शेत

पत्र थोडक्यात असं आहे:

"मावशी, सप्रेम सलाम. माझं वय 41. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. चौदा महिन्यांपूर्वी माझ्या मिस्टरांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. ते ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. दवाखान्यासाठी एका माणसाकडून 80,000 रुपये शेकडा पाचने घेतले, व्याज भरता भरता जीव मेटाकुटीला आलाय. मुलगी बारावीला आहे, तिला नर्सिंग करायचंय आणि दीर स्थळ बघतायत. मुलगा आठवीत. गेल्या वर्षी बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी मिस्टरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की हा माणूस ईस्टरला आपल्या पायांनी उपासनेला येईल, हे देवाचं अभिवचन आहे. ईस्टर येऊन गेला. आता ते म्हणतात, घरात अविश्वास आहे म्हणून आशीर्वाद अडलाय. त्यांच्या सांगण्यावरून मिस्टरांनी तीन आठवड्यांपासून बीपीची गोळी बंद केली आहे. मंगळसूत्र मोडून 25,000 रुपये 'विश्वासाचं बी' म्हणून पेरायला सांगितलंय. तालुक्याला मुलींच्या वसतिगृहात मला स्वयंपाकाचं काम मिळतंय, महिना 11,000. दीर म्हणतात, बाई कामाला लागली म्हणजे आपण देवावरचा भरवसा सोडला. आमच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर यिर्मया 29:11 हे शास्त्रातलं वचन छापलंय. रोज वाचते आणि रोज रडते. मी वाट पाहू का कामाला जाऊ? मनात शंका असताना काम धरलं तर ते पाप होईल का? गेले तर देव रागावेल का?"

माझ्या लेकी, तुलाही सप्रेम सलाम.

देवाचं आणि कामाचं मी सगळं बोलणार आहे, पण आधी गोळी. हे वाचतेस त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, मिस्टरांना घेऊन डॉक्टरांकडे जा. मोठ्या दवाखान्यात जाणं जमत नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. बीपी मोजून घे आणि गोळी किती दिवस बंद आहे ते खरं सांग. रागावतील म्हणून लपवू नकोस. रक्त पातळ ठेवणारी गोळीसुद्धा बंद झाली आहे का, तेही बघ. पत्रात तू फक्त बीपीची लिहिली आहेस. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून घरच्या घरी दोन-दोन देऊ नकोस, डॉक्टर सांगतील तशाच सुरू कर. एकदा लकवा येऊन गेलेल्या माणसाला तो पुन्हा येऊ शकतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाढलेलं, मोजलं न गेलेलं बीपी. तोंड एका बाजूला झुकलं, हात उचलता येईना, बोलणं अडखळायला लागलं, तर कोणालाही विचारत बसू नका, 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातला एक तास प्रार्थनेसाठी माणसं गोळा करण्यात गेला तर तो परत मिळत नाही. प्रार्थना गाडीत बसूनही होते.

गोळी घेतली तर विश्वास कमी पडला असं मिस्टरांना वाटत असेल, तर त्यांना हिज्कीया राजाची गोष्ट वाचून दाखव. दुसरे राजे, विसावा अध्याय. हिज्कीया मरणाला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडला, आणि देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून सांगितलं की तू बरा होशील, तुझं आयुष्य 15 वर्षं वाढवलं आहे. प्रत्यक्ष देवाचं अभिवचन मिळालेलं होतं, कोणा पाहुण्या प्रचारकाचं नव्हे. त्यानंतर लगेच यशया काय म्हणाला? अंजिरांची ढेप आणा. ती गळवावर बांधली, आणि राजा बरा झाला. त्या काळी गळवावर अंजिराचं पोटीस बांधत, तेच त्यांचं औषध. अभिवचन हाती असताना यशयाने औषध मागवलं. तुझ्या घरची गोळी म्हणजे तीच अंजिराची ढेप आहे.

आणि मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतान प्रभू येशूला काय म्हणाला ते आठव. उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलेलं आहे. एक्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचन, शब्दाला शब्द खरं. आपल्या घराघरांत ते स्तोत्र म्हणतात. तरी प्रभूने उडी टाकली नाही. वचन खरं होतं, ते वापरून केलेली मागणी खोटी होती. गोळी बंद करा म्हणजे देव दिसेल, असं जो म्हणतो तो मिस्टरांना त्याच शिखरावर उभं करतोय.

आता तुझ्या भिंतीवरचं कॅलेंडर. ते काढू नकोस. पण ते वचन कोणाला लिहिलं होतं, कधी लिहिलं होतं, हे तुला कोणी सांगितलंय का? कॅलेंडरवर एकच ओळ मावते. तिच्या मागचा सगळा अध्याय म्हणजे एक पत्र आहे, तू मला लिहिलंस तसंच, अडचणीतल्या माणसांना लिहिलेलं.

ख्रिस्तपूर्व 597 साली नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमातून राजाला, कारागिरांना, लोहारांना, घरंदाज कुटुंबांना उचलून बाबेलला नेलं. ही माणसं परक्या मुलखात, परक्या भाषेत बसली होती, आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता: घरी कधी जाणार? यरुशलेमात हनन्या नावाचा एक संदेष्टा होता. त्याने मंदिरात सगळ्यांसमोर तारीख देऊन टाकली. दोन वर्षं, म्हणाला. दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, सगळे परत येतील. लोकांना ते गोड वाटलं असणार. तिथेच असलेल्या यिर्मया संदेष्ट्यालासुद्धा गोड वाटलं, म्हणून तो आधी म्हणाला, आमेन, देव तसंच करो. हे मी मुद्दाम तुझ्यासाठी लिहितेय. तुझे मिस्टर ईस्टरला चालत यावेत असं तुला वाटलं, तू त्या प्रचारकांना आमेन म्हणालीस, यात तुझं काही चुकलं नाही. यिर्मयाही म्हणाला होता. पण देवाने ती तारीख दिलेली नव्हती. हनन्याने ती स्वतःच्या मनातून दिली होती, आणि देवाने यिर्मयाला पाठवून त्याला तोंडावर सांगितलं की तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस.

मग यिर्मयाने बाबेलच्या लोकांना पत्र धाडलं. त्यात दोन वर्षं नव्हती, सत्तर होती. सत्तर वर्षं म्हणजे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचं आयुष्य तिथंच संपणार होतं. तरी पत्रात रडगाणं नाही. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. हे सगळं सांगून झाल्यावर ती ओळ येते: तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत.

बघ, अकरावी ओळ कॅलेंडरवर आली आणि पाचवी ओळ मागे राहिली. पाचव्या ओळीत विटा आहेत, माती आहे, रोपं आहेत. ज्या माणसांना अभिवचन दिलं त्यांनाच कामाला लावलं. हातावर हात ठेवून बसा, मी आणतो तुम्हाला, असं देव म्हणाला नाही. तुझ्या दिरांनी अकरावी ओळ घट्ट धरली आहे, त्यांना प्रेमाने पाचवी वाचून दाखव. आणि वसतिगृहाच्या चुलीपाशी उभी राहशील तेव्हा पाचवीच ओळ जगत असशील. पन्नास-साठ परक्यांच्या मुलींच्या पोटात ताजी भाकरी जाणार आहे. त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे, असं उगाच लिहिलेलं नाही.

याच यिर्मयाची दुसरी गोष्ट मला त्याहून जवळची आहे. बत्तिसावा अध्याय. दहा वर्षांनी खास्दी, म्हणजे बाबेलच्या, सैन्याने यरुशलेमाला वेढा घातला. तटाला मोर्चे लागले होते, आत दुष्काळ, मरी. यिर्मया राजवाड्याच्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत होता. आणि नेमक्या अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथची माझी जमीन तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमापासून जेमतेम एक-दीड कोस. तो सगळा मुलूख शत्रूच्या पायाखाली. ती जमीन त्या दिवशी फुकट दिली तरी कोणी घेतली नसती.

यिर्मयाने ती घेतली. आणि कशी घेतली ते शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला सांगायला हवं असं नाही, तुला लगेच कळेल. सतरा शेकेल चांदी, म्हणजे आजच्या मापाने साधारण 200 ग्रॅम, तराजूत तोलून दिली. खरेदीखत केलं, सही केली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. एक मोहरबंद प्रत, एक उघडी प्रत. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हातात दिल्या आणि सगळ्यांसमक्ष सांगितलं, हे मडक्यात घालून ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील असं देव म्हणतो.

विश्वास म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आता हे मडकं येतं. वेळ लागणार आहे हे मान्य, आणि तरी कागद नीट करून ठेवला आहे.

पण या अध्यायातली खरी गंमत पुढे आहे आणि ती क्वचितच कोणी उपदेशात सांगतं. खरेदीखत बारूखच्या हातात दिल्यावर यिर्मया प्रार्थना करतो. आधी देवाची थोरवी गातो, आणि शेवटी त्याच्या तोंडून निघतं ते असं की, प्रभू, ते बघ मोर्चे, शहर शत्रूच्या हाती गेल्यात जमा आहे, आणि तू मला म्हणतोस की पैसे मोजून शेत घे? म्हणजे समजलेलं नव्हतं त्याला. आधी चांदी तोलली आणि नंतर देवाला विचारलं की हे काय आहे. तू मला लिहिलंस की "मनात शंका असताना काम धरलं तर ते पाप होईल का." यिर्मयाच्या मनात शंका होती आणि सही झालेली होती. देव त्याच्यावर रागावला नाही. उत्तर दिलं.

आणि हेही सांगते, कारण ते लपवून मी तुला धीर दिला तर मीही त्या प्रचारकांसारखीच होईन. यिर्मया त्या शेतात कधी नांदला नाही. शहर पडलं, मंदिर जळलं, आणि उरलेल्या लोकांनी त्याला ओढत मिसर देशात नेलं. ख्रिस्तपूर्व 538 च्या सुमारास पारसाच्या (इराणच्या) कोरेश राजाने लोकांना परत जायची मोकळीक दिली. एज्राच्या पुस्तकात परतलेल्यांची गावोगाव मोजणी आहे, तिच्यात अनाथोथची माणसं आहेत, 128. शेतं पुन्हा पिकली. ज्याने चांदी मोजली तो मात्र तिथे नव्हता.

मिस्टर चालतील की नाही, हे मला माहीत नाही. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, मी त्यांच्यासाठी रोज मागेन. पण ते चालले तरच अभिवचन खरं, असं गणित तू मांडू नकोस. मी मांडलं होतं.

माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडं गेली तेव्हा मी 48 वर्षांची होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आमच्याकडेही प्रार्थनेचा एक गट यायचा आणि त्यांनी सांगितलं की हे पूर्ण बरे होणार, तसं वचन मिळालं आहे. मी ते घट्ट धरून बसले. हे मात्र त्या दिवसांत मला बँकेत घेऊन जायचे. खातं दोघांच्या नावावर केलं, विमा, घराचे कागद, सगळं दाखवलं. चेक कसा लिहायचा, पेन्शनच्या अर्जाला कोणकोणते दाखले लागतात. मला स्कूटर शिकवायला संध्याकाळी शाळेच्या मैदानावर न्यायचे, स्वतः पायरीवर बसून राहायचे, कारण उभं राहवत नसे. आणि मी भांडायचे. म्हणायचे, तुम्ही मरणाची तयारी करताय, तुमचा विश्वासच नाही, तुमच्यामुळे माझी प्रार्थना वाया जाते. तुझे दीर आज तुला जे म्हणतात तेच मी माझ्या आजारी माणसाला म्हटलं. ते एवढंच म्हणायचे, "क्लच हळू सोड."

चौथ्या वर्षी ते गेले. त्यानंतर जवळजवळ सहा महिने मी पवित्र शास्त्र उघडलं नाही. शाळेत कामाला जायची, स्कूटरवर. पेन्शनचा अर्ज पहिल्या फेरीत मंजूर झाला, कारण एकही दाखला कमी नव्हता. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्या घरात खरा विश्वास कोणाचा होता. मी देवाकडून एक निकाल मागत होते आणि तो मिळाला तरच त्याला देव मानणार होते. त्यांनी देवावर भरवसा ठेवला आणि माझे कागद मडक्यात घालून ठेवले.

यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो, तू पाण्यांतून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. मला ते वाक्य तेव्हा कळलं. पाणी लागणारच नाही असं त्यात म्हटलेलं नाही. बरोबर असण्याचं वचन आहे, आणि त्या सहा महिन्यांतसुद्धा ते पाळलं गेलं होतं, हे मला मागे वळून बघताना दिसतं. शेजारची बाई रोज रात्री काही न बोलता आमटीचं भांडं ठेवून जायची. ती आपल्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, नव्हती.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. प्रचारक काय म्हणतात ते आहे, दीर काय म्हणतात ते आहे, तुझं मन आहे. मिस्टर काय म्हणतात याची एकही ओळ नाही. त्यांना बोलायला त्रास होत असेल तर थांबून, वेळ देऊन विचार. मला वाटतं, त्यांनी गोळी आनंदाने बंद केलेली नाही. ईस्टर टळल्यावर 'घरात अविश्वास आहे' हा ठपका त्यांनी स्वतःवर घेतला असेल. चौदा महिने अंथरुणात असलेल्या माणसाला अजून एक ओझं दिलं गेलंय, की बरं होत नाहीस ही तुझीच चूक. ते त्यांच्या छातीवरून तू काढ. प्रभूने जन्मांधाविषयी शिष्यांना काय उत्तर दिलं, योहानाचा नववा अध्याय, ते त्यांना वाचून दाखव. याने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही.

आता पैशाचं, कारण रात्रीची झोप त्याने जाते.

मंगळसूत्र मोडून ते 25,000 रुपये देऊ नकोस. मी दानाच्या विरुद्ध नाही, मंडळीत दशांश देत आले आहे. पण लकवा झालेल्या माणसाच्या बायकोच्या गळ्यातलं मागणारा हात प्रभूचा नव्हे. मार्काच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या दोन टोल्या आहेत ना, त्याच्या अगदी वरची ओळ वाच. लांबलचक प्रार्थना करून विधवांची घरं गिळणाऱ्यांविषयी प्रभू किती कडक बोलला ते तिथे आहे. हे सगळं तुझ्या पाळकसाहेबांच्या कानावर घाल. बाहेरची व्यक्ती येऊन औषधं बंद करायला सांगते, पैसे मागते, हे त्यांना कळायलाच हवं. अजून कोणाच्या घरी असं चाललंय का, तेही तेच पाहू शकतील.

80,000 वर शेकडा पाच म्हणजे महिन्याला 4,000. चौदा महिने नियमित भरलं असशील तर 56,000 गेले आणि मुद्दल आहे तिथेच आहे. तेच कर्ज बचत गटातून मिळालं तर, बहुतेक गटांत शेकडा एक किंवा दोन असतं, म्हणजे महिन्याला 800 किंवा 1,600. गावातल्या गटाच्या अध्यक्षांशी या आठवड्यात बोल. सगळी रक्कम एकदम मिळणार नाही, अर्धी मिळाली तरी अर्धं जू हलकं होईल. आणि तो माणूस परवानाधारक सावकार आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात विचार. महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याने परवाना सक्तीचा आहे आणि व्याजाचे दर सरकार ठरवतं. तक्रार करायची की समजुतीने मिटवायचं ते तू ठरव, गावात राहायचंय तुला. पण तुझ्या बाजूने कायदा आहे हे माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही. काही कोरे कागद किंवा चेक सही करून दिले असशील तर आजच वहीत लिहून ठेव, किती आणि कोणते.

मिस्टरांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलंस का? जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ते हातात आलं की तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. उत्पन्नाचा दाखला लागतो, तलाठ्याकडून सुरुवात कर. पुढे कधी भरती करायची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, पैसे भरायच्या आधी त्याला गाठ. आणि गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र शोध, त्याच औषधाला पुष्कळ कमी पैसे लागतात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून माग.

हे सरकारी कागद वाचून तुला वाटेल, मावशी अध्यात्मातून एकदम तहसीलदार कचेरीत कुठे आली. अलीशा संदेष्ट्याकडे एक विधवा आली होती, दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायात. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आला होता. अलीशाने सावकाराला शाप दिला नाही, आकाशातून नाणी पाडली नाहीत. त्याने विचारलं, तुझ्या घरात काय आहे? तेलाचं एक भांडं. जा, शेजारणींकडून रिकामी भांडी माग, आणि थोडकी मागू नकोस. किती लाज वाटली असेल तिला दारोदार भांडी मागताना. ज्यांना ठाऊक होतं की हिच्या घरी ओतायला काही नाही, त्यांच्याच दारात. पण ती गेली. भांडी होती तोवर तेल आलं, भांडी संपली तसं थांबलं. आणि शेवटी संदेष्टा म्हणतो, जा, तेल विक, देणं फेड, उरलेल्यावर तू आणि तुझी मुलं जगा. चमत्कार घडला, आणि तरी बाजारात तिलाच जावं लागलं. तुझे दीर तिथे असते तर तिला तेल विकू दिलं असतं का, हे त्यांना नक्की विचार.

तुझ्या घरात काय आहे ते तूच लिहिलं आहेस. तुझ्या हाताला चव आहे, म्हणून वसतिगृहाने तुला बोलावलं. मागायची भांडी म्हणजे निबंधकाची कचेरी, बचत गट, जिल्हा रुग्णालयातली रांग.

आणि आपल्याच मातीतलं एक उदाहरण, केडगावचं, तुमच्याकडून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे लागतं. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात उपासमारीने गेले. पुढे नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, कडेवर तान्ही मनोरमा. त्या बाईने केडगावच्या माळावर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या, पुरेशी घरं नव्हती तेव्हा झोपड्या उभ्या केल्या. पैसा कुठून येईल यासाठी त्या गुडघ्यांवर असत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेत छापखाना होता, माग होते, शेती होती, मुलींच्या हातांना काम शिकवलं जात होतं. प्रार्थना आणि विहीर, दोन्ही एकाच हातांनी. 1921 साली मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच. रमाबाई पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या, ते त्यांनी सोडलं नाही, आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. ते शास्त्र छापून लोकांच्या हाती आलं 1924 साली. त्या बाईचा देवावर विश्वास नव्हता, म्हणून ती काम करत होती, असं कोणी म्हणेल का?

मुलीविषयी तू एकच ओळ लिहिलीस, की तिला नर्सिंग करायचंय आणि दीर स्थळ बघतायत. बारावी होऊ दे. सीईटीचा फॉर्म भरायची मुदत शाळेत विचारून ठेव. घरं बांधा, मळे लावा, यात मुलीचं शिक्षण येतं असं मी धरते.

दिरांशी भांडू नकोस. ते वाईट नाहीत, घाबरलेले आहेत. भाऊ आडवा झालेला बघवत नाही, म्हणून त्या तारखेला चिकटून बसलेत, मी बसले होते तशीच. त्यांना काम दे. तू सकाळी सहाला वसतिगृहावर गेलीस की आठची गोळी कोणी द्यायची? ती दिरांनी द्यायची. रोज आठ वाजता भावाजवळ बसावं, गोळी द्यावी, पाणी द्यावं, आणि मग हवी तितकी प्रार्थना करावी. उजव्या हाताचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवले असतील, तेही त्यांनीच करून घ्यावेत. कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात गोळी दिल्याची खूण करायला सांग, त्याच कॅलेंडरवर, वचनाच्या खाली.

वसतिगृहाला होकार कळव. पहिला पगार झाला की आधी किराणा आण, मग मुद्दलाचं बघ.

तुझ्या मिस्टरांचं नाव मी माझ्या वहीत लिहून घेतलं आहे, पहाटे पाचला घेते. बीपी किती निघालं तो आकडा मला कळव, वरचा आणि खालचा, दोन्ही.

तुझी,
मावशी